चापट नक्की कुणाच्या गालावर?

१४ डिसेंबर २००८. इराकची राजधानी बगदाद. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांची पत्रकार परिषद चालू होती. शेजारी इराकचे पंतप्रधान नूरी अल-मलिकी उभे होते. समोर बसलेल्या पत्रकारांतून मुंतधर अल-झैदी नावाचा एक तरुण उठला, त्यानं पायातला जोडा काढला आणि थेट बुश यांच्या दिशेनं भिरकावला. पाठोपाठ दुसराही. दुसरा फेकताना तो ओरडला होता, की हा इराकमधल्या विधवांच्या आणि अनाथ मुलांच्या वतीनं! बुश चपळाईनं खाली वाकले आणि दोन्ही वेळा नेम हुकला. नंतर तर त्यांनी थट्टेवारी नेत सांगितलं, जोडा दहा नंबरचा होता म्हणून.

हे दृश्य तेव्हा टीव्हीवर इतक्यांदा दाखवलं, की तुमच्यापैकी अनेकजणींना आठवत असेल. पण त्यानंतरची गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. पुढच्या काही दिवसांतच इंटरनेटवर जोडा मारायचे खेळ आले. त्यातला ‘सॉक अँड ऑ’ हा खेळ ॲलेक्स ट्यू नावाच्या एका ब्रिटिश तरुणानं केला. २००३ मध्ये इराकवर हल्ला करताना अमेरिकेनं ‘शॉक अँड ऑ’ हे शब्द मिरवले होते, त्यावरची ही कोटी. खेळ अगदी साधा. समोर बुश डोकं वर काढणार, खाली घालणार आणि आपण ठरलेल्या काही सेकंदांत जितके बसतील तितके जोडे मारायचे! लोकांनी कोट्यवधी जोडे मारले. काही दिवसांतच हा खेळ ई-बेवर पाच हजार पौंडांच्या वर किमतीला विकला गेला.

म्हणजे बघा, खरा जोडा लागलाच नाही आणि खोटा मात्र कोट्यवधी वेळा लागला.

आणि खरा जोडा फेकणारा? त्याला मार्च २००९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे एक वर्षावर आली आणि सप्टेंबर २००९ मध्ये तो सुटला. जगभरात लोक घरी बसून, चहाचे घोट घेत जोडे मारत होते, तेव्हा तो कोठडीत होता. जानेवारी २००९ मध्ये तिक्रीत शहरातल्या अनाथालयापाशी त्या जोड्याचं भलंमोठं शिल्प उभं राहिलं होतं, तिथल्या मुलांनीही त्याला हात लावला होता. तेसुद्धा सरकारी हुकमानं लगेच काढून टाकावं लागलं.

तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या या पानावर आज हे काय? कुठं बगदाद, कुठं आपण! आणि मोबाईलवरच्या खेळांचं कौतुक आम्हाला कशाला? त्या मोबाईलपायी तर घराघरात जेवणाच्या ताटावर भांडणं होतात. सगळं मान्य. पण हे खेळ आता आपल्या घरात आलेत हे खरं आहे. आणि दुसरं म्हणजे, असाच एक मारामारीचा खेळ आपल्या देशात निघाला होता. त्यात मारणारी होती एक नवरी. म्हणूनच म्हटलं, यावर जरा निवांत बोलू या.

आधी थोडी ओळख करून घेऊ. मोठमोठ्या कंपन्या कोट्यवधी रुपये घालून गेम काढतात. पण एकट्यादुकट्यानं किंवा चार मित्रांनी मिळून, मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय केलेले गेमही पुष्कळ असतात. त्यांना ‘इंडी’ गेम म्हणतात. कारखान्यातला मसाला आणि घरी उन्हात वाळवून, कांडून केलेला मसाला यात जसा फरक, तसाच काहीसा. घरचा मसाला कधी फार तिखट होतो, कधी मीठ कमी पडतं, पण करणारीचा हात त्यात कळतो. पुढाऱ्यांची, सरकारची, समाजाच्या ढोंगाची टवाळी करणारे खेळ बरेचदा या घरगुती कारखान्यांतूनच येतात, कारण मोठ्या कंपन्यांना त्यात धोका वाटतो.

पुढाऱ्यांची झुंज लावायची कल्पना मात्र जुनीच आहे. इंग्लंडमध्ये १९८४ पासून ‘स्पिटिंग इमेज’ नावाचा टीव्ही कार्यक्रम लागायचा. राजघराण्यातल्या माणसांचे आणि पुढाऱ्यांचे वेडेविद्रे रबरी बाहुले करून त्यांची रेवडी उडवायची, असा तो प्रकार. त्यावरून १९८० च्या दशकाच्या अखेरीला डोमार्क कंपनीनं घरगुती कॉम्प्युटरवरचा गेम काढला. त्यात मार्गारेट थॅचर, रोनाल्ड रेगन, मिखाईल गोर्बाचेव्ह, इतकंच काय, पोपसुद्धा एकमेकांशी चक्क हाणामारी करायचे!

या कार्यक्रमातली एक गोष्ट आपण बायकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. थॅचरबाई इंग्लंडच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्यांच्या धोरणांवर टीका करण्यासारखं पुष्कळ होतं आणि ती झालीही. पण बाहुली करताना त्यांना पुरुषाचा सूट घातला, तोंडात चिरूट दिला. म्हणजे बाई खंबीर झाली, तर ती बाई उरतच नाही, पुरुषच होते, असा त्या विनोदाचा एक अर्थ निघतोच की नाही? आपल्याकडंही एखादी सरपंचबाई ग्रामसभेत आवाज चढवून बोलली, की मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजतंच, “बाई कसली, बाप्याच आहे!” हसणारे हसतात. पण हसू नक्की कशावर येतंय, तिच्या निर्णयावर की तिच्या बाईपणावर, हे थांबून कुणी बघत नाही.

टवाळी करणं आपल्याला काही नवीन नाही. शिमग्याची सोंगं घ्या, तमाशातली बतावणी घ्या. नागपुरात तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते आणि तिच्याबरोबर बडगे निघतात. कुठला बडगा महागाईचा, कुठला भ्रष्टाचाराचा, कुठला एखाद्या बदनाम पुढाऱ्याचा. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” असं ओरडत लोक गल्ल्या दुमदुमवतात आणि शेवटी ते पुतळे जाळतात. वर्षभर साठलेला राग एका दिवसात मोकळा होतो. मी विदर्भातल्या मैत्रिणींना नेहमी विचारते, काळ्या मारबतीला पूतना मानतात ना? मग गावाची सगळी पीडा वाहून न्यायला पुन्हा बाईचाच पुतळा का? त्या हसतात आणि म्हणतात, “अगं, बडगे आहेत की जोडीला!” असो.

आता आपल्या त्या नवरीकडं वळू. जानेवारी २०१२ मध्ये शादी डॉट कॉम या लग्न जुळवणाऱ्या कंपनीनं फेसबुकवर एक गेम आणला. नाव होतं ‘अँग्री ब्राइड्स’, म्हणजे ‘रागावलेल्या नवऱ्या’. तेव्हा लहानथोर सगळ्यांना वेड लावणाऱ्या ‘अँग्री बर्ड्स’च्या नावावरूनच हे नाव घेतलेलं. हा काही इंडी गेम नव्हे, एका कंपनीची ती जाहिरातही होती, हे आधीच सांगून ठेवते. पण टवाळी होती झणझणीत. लाल वस्त्रातली, देवीसारखी आठ हातांची नवरी. समोर तीन नवरदेव, त्यांत डॉक्टरही होता आणि पायलटही. हे सगळे हुंडा मागणारे. प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी, सुरुवातच १५ लाखांपासून! आपण उंच टाचेची चप्पल, झाडू असल्या वस्तू नेम धरून मारायच्या. नवरदेव चुकवायला इकडंतिकडं पळणार. जितके तडाखे बसतील तितका त्याचा भाव उतरणार आणि वाचलेले पैसे आपल्या नावावर ‘हुंडाविरोधी निधी’ म्हणून फेसबुकवर दिसणार.

लोकांना हे भारी आवडलं. थोड्याच दिवसांत पावणेतीन लाखांच्या घरात लोकांनी त्याला पसंती दिली. परदेशी वर्तमानपत्रांनीही बातम्या छापल्या. मुलाच्या कपाळावर भावाची चिठ्ठी चिकटवून दाखवली, हे मला स्वतःला त्यातलं सगळ्यात झोंबणारं वाटलं. आपल्याकडं भाव ठरतोच ना? नोकरी सरकारी असेल तर अमुक, डॉक्टर असेल तर तमुक. फक्त तो भाव चिठ्ठीवर लिहीत नाहीत, मध्यस्थाच्या कानात सांगतात.

आता एक आकडा ऐका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणं त्याच वर्षी, २०१२ मध्ये, देशात ८,२३३ हुंडाबळी नोंदले गेले. वर्षाचे तास मोजा. जवळजवळ दर तासाला एक मुलगी! दहा वर्षांनी, २०२२ मध्ये हा आकडा ६,४५० होता. कमी झाला म्हणून समाधान मानायचं का? दिवसाला सतरा मुली होतात या. आणि हे फक्त मेलेल्यांचे आकडे आहेत. जिवंत राहून रोज थोडं थोडं मरणाऱ्यांचा आकडा यात नाही.

गेमनं हुंडा थांबवायला हवा होता, असं मी म्हणत नाही. तो खेळ आहे, कायदा नव्हे. कायदा तर १९६१ पासून आहे! माझं म्हणणं एवढंच, की चप्पल मारून जे समाधान मिळालं, त्याचं पुढं काय झालं?

आमच्या तालुक्याच्या गावात महिलांसाठी एक समुपदेशन केंद्र चालतं. तिथं मी आठवड्यातून दोन दिवस बसते. एकदा बचत गटाच्या बैठकीनंतर या गेमची गोष्ट मी बायकांना सांगितली. आधी खूप हशा झाला. एक आजी म्हणाल्या, “झाडू कशाला, लाटणं द्या हातात!” दुसरी म्हणाली, “अन् सासूवर चिठ्ठी नाही होय? खरी मागणी तर तिचीच असते.” तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली, फारशी कधी न बोलणारी एक बाई हळूच म्हणाली, “ताई, खेळात नवरी एकटी आहे म्हणून तिला मारता येतं. खऱ्यात तिच्या मागं बाप उभा असतो, हात जोडून.”

सगळ्या एकदम गप्प झाल्या. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीनं तो हात जोडलेला बाप पाहिला होता. केंद्रात येणारे वडीलही हेच सांगतात, “हुंडा नाही हो दिला. पोराला फ्लॅट घ्यायचा होता, थोडी मदत केली. गाडी आम्ही हौसेनं दिली. सोनं तर आमच्या लेकीच्याच अंगावर.” मदत, हौस, मानपान, रीतभात... हुंड्याला आपण किती गोड नावं ठेवली आहेत! नवरदेवाच्या कपाळावरची चिठ्ठी गेममध्ये दिसते, कारण ती काढणाऱ्यानं काढली आहे. आपल्या लग्नात ती चिठ्ठी आपणच रुमालाखाली झाकतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. मारायचं बटण हातात आलं, की ते कुणावर चालेल याचा भरवसा नसतो. ‘अँग्री ब्राइड्स’ निघाला त्याच वर्षी, २०१२ मध्ये, अमेरिकेत अनिता सार्कीसियन या अभ्यासक बाईंनी व्हिडिओ गेममध्ये बायका कशा दाखवतात यावर व्हिडिओंची मालिका करायचं ठरवलं. त्यासाठी लोकांकडं त्यांनी ६,००० डॉलर मागितले होते. लोकांनी दीड लाखाहून जास्त दिले! पण गेम खेळणाऱ्यांतल्या एका गटाचं त्यामुळं पित्त खवळलं. शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. आणि एकानं चक्क एक गेम बनवला. पडद्यावर या बाईंचा फोटो. जितकं क्लिक करत जाल, तितके त्यांच्या चेहऱ्यावर वळ उमटत जाणार. त्यांचा अपराध काय, तर प्रश्न विचारला! टीका झाल्यावर तो गेम काढला गेला, पण छळ संपला नाही. २०१४ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातलं त्यांचं भाषण, गोळीबाराची धमकी आल्यामुळं रद्द करावं लागलं.

बुशना जोडा, हुंडेखोराला चप्पल आणि अनिताबाईंना ठोसे. तिन्हीकडं बोटाची हालचाल तीच, एक क्लिक. मग फरक कशात? माझ्या मते फरक आहे तो मार खाणाऱ्याच्या ताकदीत. महासत्तेच्या अध्यक्षाची टवाळी करणं म्हणजे दुबळ्यानं बलवंताला वाकुल्या दाखवणं. हुंडा मागणाऱ्या नवरदेवाच्या मागं अख्खी रूढी उभी आहे, म्हणून त्याला चप्पल. पण एकट्या बाईला हजारोंनी मिळून मारणं ही टवाळी नव्हे. तो चव्हाट्यावरचा जमाव झाला. गावात एखाद्या बाईला चेटकीण ठरवून मारतात ना, त्याचाच हा नवा अवतार. तिथं हातात दगड असतात, इथं माउस.

आणि टवाळीला हातच उगारावा लागतो असंही नाही. मला सगळ्यात अस्वस्थ करणारा राजकीय खेळ वाटला, त्यात आपण कुणाला मारतच नाही. ‘पेपर्स, प्लीज’ हे त्याचं नाव. ल्यूकस पोप या एकट्या माणसानं तो बनवला, ऑगस्ट २०१३ मध्ये तो बाहेर आला. खराखुरा घरगुती मसाला! यात आर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक हुकूमशाही देश आहे. आपण त्याच्या सीमेवरचे तपासनीस. रांगेतल्या माणसाचे कागद बघायचे आणि शिक्का मारायचा, आत किंवा बाहेर. बस्स, एवढंच काम. रोज नवे नियम येतात, एकाहून एक विचित्र. चूक झाली की आधी ताकीद, मग पगारातून दंड. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. संध्याकाळी हिशेब करायचा, आज जेवण, शेगडीची ऊब की मुलाचं औषध? हा हिशेब आपल्या वाचकांना कुणी शिकवायला नको.

एके दिवशी रांगेत एक नवरा-बायको येतात. आधी नवरा. त्याचे कागद चोख, तो आत जातो. जाताना विनवतो, मागं माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. ती पुढं येते आणि तिच्याकडं प्रवेशाचा परवानाच नसतो. परत पाठवलं तर आपला जीव जाईल, असं ती सांगते. आता तुम्ही काय करणार? आत सोडलं तर नियम मोडला. परत पाठवलं तर नियम पाळला, पण...

हा गेम आला तेव्हा खेळणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. २०१४ मध्ये त्याला ब्रिटनचा मानाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, दहा वर्षांत ५० लाखांवर प्रती खपल्या. “आर्स्टोट्झ्काचा विजय असो” ही त्यातली घोषणा गेम खेळणारी पोरं एकमेकांना थट्टेनं ऐकवायची. त्या गेमची खरी ताकद वेगळीच आहे. बुशना जोडा मारताना आपण चांगले आणि समोरचा वाईट, हे आधीच ठरलेलं असतं. इथं वाईट होण्याची पाळी आपल्यावर येते. जुलूम करायला दरवेळी राक्षस लागत नाही, घरी पोरं असलेला, पगार कापला जाईल म्हणून धास्तावलेला साधा माणूस पुरतो, हे तो गेम शिक्का मारता मारता शिकवतो.

मला त्या शिक्क्यावरून आपली लग्नाची बैठक आठवते. ओसरीवर पुरुषमंडळी याद्या करायला बसलेली. आत आपण पोह्यांच्या बशा भरतोय, चहात साखर घालतोय. बाहेरचं सगळं ऐकू येतंय. अमुक तोळे, तमुक गाडी. मुलाची आई असू तर वाटतं, बरं झालं, आपल्या तोंडानं मागावं लागलं नाही. मुलीची आई असू तर वाटतं, जाऊ दे, बोलले तर पोरीचं लग्न मोडेल. दोघीही वाईट नसतात. पण दोघींच्या गप्प बसण्यानं शिक्का उठतो आणि यादी मंजूर होते.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरातलं पोर मारामारीचा, थट्टेचा कुठला गेम खेळत असेल, तर फोन हिसकावण्याआधी जरा शेजारी जाऊन बसा आणि विचारा, “यात मार कोण खातंय रे? त्यानं केलंय तरी काय?” पोरं बोलतात हो, आपण खरंच ऐकायला बसलो तर. त्या एका प्रश्नानं त्यांना विनोद आणि छळ यातला फरक कळायला लागतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. हुंडा घेणं हा गुन्हा आहे तसा देणं हाही गुन्हा आहे, किमान पाच वर्षांच्या शिक्षेचा. पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी तक्रार केली, तर त्यांच्या त्या जबाबावरून त्यांच्यावर खटला भरता येत नाही, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. ‘तक्रार केली तर आपणच अडकू’ या भीतीनं कितीतरी आईबाप गप्प बसतात. त्यांना हे जरूर सांगा. आणि वेळ आलीच, तर महिलांसाठीचा १८१ हा मदतीचा क्रमांक लक्षात असू द्या.

पुढच्या वेळी तुमच्या घरात बैठक बसली, की चहाचा ट्रे घेऊन बाहेर जा आणि तो ठेवून लगेच आत वळू नका. तिथंच खुर्ची ओढून बसा. यादी मोठ्यानं वाचायला सांगा. आणि ज्या ओळीवर तुमचं मन अडेल, त्या ओळीवर साध्या आवाजात म्हणा, “हे नको. हे खोडा.” तुमच्या हाताखाली शिकलेली एखादी लेक किंवा सून दाराआडून बघत असेल. तिच्या लग्नाची बैठक अजून व्हायची आहे, किंवा तिच्या मुलीची.